राग जुना, पण कारण अजून ताजं

कुणीतरी म्हटलंय की मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या चाहत्यांनी २००५ चं उकरून काढणं आता थांबवावं. अहो, त्या वर्षी ग्लेझर कुटुंबाने क्लब विकत घेतला तो मुख्यतः कर्ज काढून, आणि त्यातलं बरंचसं क्लबच्याच डोक्यावर टाकलं. व्याज क्लब भरत आला, मग राग शिळा कसा होईल?

उलट कार्डिफ सिटी हा फुटबॉल क्लब बघा. २०१२ मध्ये मालकाने क्लबची पारंपरिक निळी जर्सी लाल केली, जानेवारी २०१५ मध्ये निळी परत आली. मालक तोच, तरी चाहत्यांच्या रागाची धार बरीच बोथट झाली.

निषेध म्हणून सामन्यांवर बहिष्कार टाकणं मात्र अवघड असतं. मोठ्या क्लबात तुम्ही सीझन तिकीट (पूर्ण हंगामाचं तिकीट) सोडलंत की प्रतीक्षा यादीतला दुसरा लगेच तिथे बसतो. युनायटेडच्या चाहत्यांचे २०१० चे हिरवे-सोनेरी स्कार्फ (न्यूटन हीथ, म्हणजे क्लबच्या जुन्या नावाच्या काळातले रंग) त्यामानाने हुशारीचे: खुर्ची सोडायची नाही, निषेध मात्र टीव्हीवर दिसतो.