ऱ्होड्स टाका जमत नाहीये, मदत हवी आहे

रेशीमलडी: नमस्कार मंडळी. मॅटीवर फुलीटाका मी शाळेत असल्यापासून घालते. आता पहिल्यांदाच १२ काउंटचा कॅनव्हास आणलाय, म्हणजे इंचाला १२ धागे. १६ इंची उशीचा अभ्रा करायचाय, पूर्ण ऱ्होड्स टाक्याने, म्हणजे मधे उंचवटा येणाऱ्या चौकोनांनी, भरलेला. दोनदा उसवला. मधे गाठोडं होतं, आणि एकाच लडीतले शेजारचे दोन चौकोन वेगवेगळ्या रंगाचे दिसतात. सहापदरी सुती दोरा आहे. कुठे चुकतंय?

माजघर: ताई, रंग नाही, दिशा बदलतेय. हा टाका म्हणजे गोल फिरत जाणाऱ्या रेघा. ६ बाय ६ धाग्यांचा चौकोन घ्या. खाली डाव्या कोपऱ्यातून सुई वर काढा, समोर वरच्या उजव्या कोपऱ्यात घाला. पुढचा टाका खाली एक भोक उजवीकडे, वर एक भोक डावीकडे. खालची कड संपली की उजव्या कडेने वर चढा. बारा टाक्यांत चौकोन पुरा होतो. बारावा टाका सगळ्यांच्या वर बसतो आणि उजेड त्याच्यावरच चमकतो. एका चौकोनात तो उजवीकडे चढणारा आणि शेजारी डावीकडे चढणारा असला, की रंग वेगळा भासणारच. म्हणून प्रत्येक चौकोन त्याच कोपऱ्यातून, त्याच बाजूला फिरवत. मधेच कॅनव्हास फिरवून धरलात तरी गफलत होते, मी त्यासाठी वरच्या कडेला लाल दोऱ्याची खूण करून ठेवते.

गाठोडं पिळामुळे होतं. सहाही पदर सुटे करा आणि पुन्हा जुळवून ओवा. चार टाके झाले की सुई खाली लोंबू द्या, पीळ आपोआप सुटतो. सुई बोथट टोकाची, २० नंबरची. आणि ओढू नका, दोरा नुसता टेकवायचा.

उभाधागा: पूर्ण अभ्रा भरायच्या आधी हिशेब करा. या टाक्यात मागच्या बाजूलाही तेवढाच दोरा जातो. तुमच्या कॅनव्हासवर अर्ध्या इंचाचा एक चौकोन साधारण ३५ सेंटिमीटर दोरा खातो. १६ इंचात असे १०२४ चौकोन! आठ मीटरच्या लडीत जेमतेम वीस निघतात, म्हणजे पन्नासेक लड्या. शिवाय पाठ टेकायच्या जागी ते उंचवटे टोचतात. ऱ्होड्स फक्त किनारीला ठेवा.

मधल्या भागाला माझं मत बार्जेलोला, म्हणजे उभ्या टाक्यांच्या लाटांना. फ्लॉरेन्सच्या बार्जेलो संग्रहालयात सतराव्या शतकातल्या खुर्च्या आहेत, त्यांच्या बैठकीवरच्या लाटांवरून हे नाव पडलं. चार धाग्यांवर उभा टाका, पुढचा दोन धागे वर किंवा खाली, बस. सगळे टाके उभे, त्यामुळे कॅनव्हास तिरका होत नाही. तिरप्या अर्ध्या टाक्याने ओळीने भरलात तर चौकोनाचा पतंग होतो, मग ओला करून टाचण्यांनी ताणत बसा.

माजघर: पटलं. लाटांना लोकर घ्या पण, सुतीपेक्षा कॅनव्हास छान झाकते.

रेशीमलडी: दोघांचेही मनापासून आभार. आत्ताच पदर सुटे करून चार चौकोन घातले. चारही सारखे चमकताहेत, मधे छोट्या बटणासारखा उंचवटा आलाय, बोट फिरवत बसलेय! किनारी मोरपंखी ठरली. लाटांसाठी उद्या लोकर बघायला जाते.