मदत हवी आहे: १९४३ च्या इंग्रजी पत्रातलं ‘हर कन्फाइनमेंट’, नेमका अर्थ कोणता?

शुक्रवारपेठकर:
नमस्कार मंडळी. कोल्हापुरातल्या आमच्या जुन्या घराची डागडुजी चालली आहे. माळ्यावरच्या ट्रंकेत पणजोबांना आलेलं एक इंग्रजी पत्र सापडलं. तारीख ९ जानेवारी १९४३, लिहिणारे त्यांचे बेळगावचे वकील मित्र. त्यातलं वाक्य जसंच्या तसं देतो: ‘आय वॉज रिलीव्ह्ड टू हिअर दॅट शी केम थ्रू हर कन्फाइनमेंट सेफली, अँड दॅट यू वेअर अलाउड टू सी हर.’ म्हणजे ती ‘कन्फाइनमेंट’मधून सुखरूप पार पडली आणि तुम्हाला तिला भेटू दिलं, हे ऐकून जीव भांड्यात पडला.

यातली ‘शी’ म्हणजे आमची पणजी. बेचाळीसच्या चळवळीत तिनं तुरुंग भोगला, असं आमच्या थोरल्या आत्या, म्हणजे आजोबांच्या थोरल्या बहीण, सांगत आल्या आहेत. प्रजापरिषदेच्या (संस्थानी प्रजेच्या हक्कांसाठी लढणारी संघटना) सभांना ती जायची हे गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांकडूनही ऐकलंय. कागद मात्र एकही नाही. आता गावच्या शाळेत स्वातंत्र्यसैनिकांच्या नावांचा फलक लागणार आहे आणि घरचे म्हणतात, हे पत्र पुरावा म्हणून जोड. शब्दकोशात कन्फाइनमेंटचा पहिला अर्थ कैद, पण खाली ‘बाळंतपण’ही दिलंय, तिथं मी थांबलो. ‘भेटू दिलं’ हे तर तुरुंगाचंच वाटतं. आजोबांचा जन्म त्याच सुमाराचा, पण दाखल्यावर १ जून १९४२ आहे. ही तारीख गुरुजींनी घातलेली, त्या काळच्या निम्म्या पोरांची असते तशी.

पणजीचं नाव फलकावर यावं असं मला मनापासून वाटतं. पण भलत्या कागदाच्या जोरावर नको. जाणकारांनी सांगावं.

सुईणीची नात:
दादा, हे बाळंतपणच आहे असं मला वाटतं. मी प्रसूती विभागात नोकरी केली. जुन्या केसपेपरवर ‘ईडीसी’ लिहायचे, म्हणजे एक्स्पेक्टेड डेट ऑफ कन्फाइनमेंट, बाळंतपणाची अपेक्षित तारीख. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने सात दिवस मिळवून ती काढतात. आता ईडीडी (शेवटचा शब्द ‘डिलिव्हरी’) म्हणतात, पण जुने डॉक्टर अजून ईडीसीच बोलतात.

इंग्रजांतही बाळंतीण खोलीतच असायची, बाहेर पडायची नाही, त्यावरून हा शब्द. आपल्याकडची बाळंतिणीची खोली आणि सव्वा महिना आठवा. ‘केम थ्रू सेफली’ म्हणजे सुखरूप सुटका झाली, आणि आपणही बाईची ‘सुटका झाली’ असंच म्हणतो की! भेटू देण्याचं म्हणाल तर दवाखान्यातही बाप्यांना सहसा आत सोडत नसत.

बावड्याचा वकील:
कायद्याच्या बाजूनं भर घालतो. कन्फाइनमेंट हा शब्द कायद्यात आहे, पण ठरावीक जोडीनं येतो. ‘सॉलिटरी कन्फाइनमेंट’ म्हणजे एकांत कोठडी. १८६० च्या दंडसंहितेच्या कलम ७३ प्रमाणे ती एकूण तीन महिन्यांहून जास्त देता येत नसे, आणि कलम ७४ प्रमाणे एका वेळी चौदा दिवसांहून जास्त नाही. ‘राँगफुल कन्फाइनमेंट’ म्हणजे एखाद्याला बेकायदा डांबून ठेवणं, आता भारतीय न्याय संहितेचं कलम १२७. शिक्षा झालेल्या सत्याग्रहीबद्दल वकील माणूस ‘इम्प्रिझनमेंट’ लिहील, खटल्याविना अडकवलेल्याबद्दल ‘डिटेन्शन’. कैदेसाठी ‘इन कन्फाइनमेंट’, ‘केप्ट इन कन्फाइनमेंट’ अशी रचना जुन्या लिखाणात भरपूर मिळते. बाईबद्दल नुसतं ‘हर कन्फाइनमेंट’ आलं की मात्र आधी बाळंतपण धरावं. ‘शी वॉज कन्फाइन्ड ऑफ अ सन’ म्हणजे तिला मुलगा झाला.

तरी एका वाक्यावर निकाल देऊ नका. मागचंपुढचं काय आहे?

शुक्रवारपेठकर:
मागच्या पानाची शाई फिकी आहे. फोटो काढून, उजेड वाढवून आत्ता वाचलं. पुढचं वाक्य: ‘काइंडली टेल अस व्हॉट नेम यू हॅव चोझन.’ म्हणजे कोणतं नाव निवडलंत ते कृपया कळवा.

सुईणीची नात:
मग बारशाची चौकशी आहे ही! म्हणजे आजोबांचा खरा जन्म बेचाळीसच्या अखेरचा किंवा त्रेचाळीसच्या अगदी सुरुवातीचा. घरात पत्रिका असेल तर तिथी मिळेल.

बावड्याचा वकील:
प्रश्न सुटला, पण अर्धाच. या पत्रानं तुरुंगवास सिद्ध होत नाही तसा खोटाही ठरत नाही. आत्या सांगतात ते वेगळं तपासा. त्यांना आधी विचारा: पकडलं कुठं, कोल्हापुरात की बेळगावकडं? कोल्हापूर तेव्हा संस्थान होतं, १ मार्च १९४९ ला मुंबई प्रांतात विलीन झालं. बेळगाव ब्रिटिश मुलखात. त्यामुळं दप्तरं वेगळी. संस्थानातली अटक असेल तर सुरुवात कोल्हापूरच्या पुराभिलेख कार्यालयातून, म्हणजे जुनी सरकारी दप्तरं जपून ठेवतात तिथून, करा. नाव शोधताना पणजीचं माहेरचं आडनाव आणि पणजोबांचं नाव दोन्ही घेऊन जा, स्त्रियांची नोंद बऱ्याचदा नवऱ्याच्या नावासकट असते. मोडी वाचणारा सोबत असला तर बरं.

शुक्रवारपेठकर:
दोघांचे मनापासून आभार. पत्र अर्जाला जोडत नाही, घरी आज तसं सांगितलं. आत्या म्हणतात, पणजीला बिंदू चौकातल्या जेलमध्ये ठेवलं होतं आणि तेव्हा त्यांच्याच कडेवर धाकटा भाऊ होता. म्हणजे आजोबा जन्मल्यानंतरचं, त्रेचाळीस किंवा पुढचं. तेवढाच काळ धरून शोधायला सोमवारी जातोय. संस्थानी जेलच्या नोंदी कुणी पाहिल्या असतील तर त्या कोणत्या नावाच्या दप्तरात असतात ते कृपया लिहा.