अल कुद्रा फुकटच राहू द्यावं की तिकीट लावावं?

बरदुबईकर:
गेल्या शनिवारी आम्ही तीन फॅमिली दुबईच्या वाळवंटातल्या अल कुद्राच्या तळ्याकाठी राहून आलो. तंबू, चटया, डब्यात दशम्या नि ठेचा, पहाटे एवढा गारठा की पोरं शाली गुंडाळून बसलेली आणि समोर पाण्यात फ्लेमिंगो! ना गेट ना तिकीट. पण कुणीतरी बार्बेक्यूचे निखारे नुसते वाळूने झाकून गेलेलं, माझ्या भाच्याचा तळवा भाजला हो. गाफच्या झाडाखाली चिप्सची पाकिटं. गाफ म्हणजे आपली शमीच, दसऱ्याला पूजतो ती. माझं मत, माणशी 10 दिरहॅम घ्या आणि त्यातून राखणदार नेमा.

सायकलवेडा:
भाच्याचं वाचून वाईट वाटलं, पाय बरा आहे ना आता? पण तिकिटाला माझा ठाम विरोध. मी नोव्हेंबर ते मार्च दर आठवड्याला तिथल्या ट्रॅकवर असतो, 80 किमीच्या वर ट्रॅक आहे, पहाटे पाचला निघायचं आणि ऊन चढायच्या आत परत. या शहरात घरच्यांना घेऊन पैसे न मोजता दिवसभर बसता येईल अशा जागा आहेत किती? कचऱ्याला 500 दिरहॅम दंड आहेच की, तो वसूल करा. सिंहगडावर उपद्रव शुल्क भरून गाड्या वर जातात, तरी प्लास्टिक दिसतंच ना?

वाळवंटवेडी:
दंड करायला बघणारं कुणी हवं ना दादा. अल कुद्रा ज्यात येतं त्या अल मरमूम राखीव क्षेत्राला कुंपण नाही, ओरिक्स (लांब शिंगांची पांढरी हरणं) मोकळे फिरतात. हा प्राणी 1972 च्या सुमारास जंगलातून संपला होता, पाळलेल्या कळपांतून परत आणलाय. आणि दुबईतल्या संशोधकांना मेलेल्या उंटांच्या पोटात प्लास्टिकचे गोळे सापडलेत, एक तर जवळपास 64 किलोचा! मी तर म्हणते तिकिटाचं सोडा, रात्रीचा मुक्कामच बंद करा. कुंपणाच्या आतल्या दुसऱ्या रिझर्व्हमध्ये ठरावीक टूरवाल्यांनाच सोडतात, म्हणून ते नीट राहिलंय.

कोल्हापूरचा_फोरमन:
ताई, त्या टूरचे पैसे आम्हाला परवडतात का? आमच्या लेबर कॅम्पवरची पोरं, आठवड्याला एक सुट्टी. बारा जण वर्गणी काढून व्हॅन करतो, तळ्याकाठी चिकन भाजतो, गावाकडं व्हिडिओ कॉल लावून पाणी नि पक्षी दाखवतो. माणशी 10 म्हणजे बाराला 120, तेवढ्यात सगळ्यांचं चिकन येतं. निखारे आम्ही पाणी ओतून पत्र्याच्या डब्यात भरून परत आणतो, नियम करायचा तर हा करा.

बरदुबईकर:
फोरमनदादा, माणशीचं माझं चुकलं, मागे घेतो. पण मग मुक्कामाला येणाऱ्या गाडीमागे घ्या, व्हॅनला माफ. राखणदार हवाच, त्यावरून मी हटणार नाही.

सायकलवेडा:
आज गाडीला लावलं की उद्या सायकलला लागेल. माझा विरोध कायम.