चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या गोळ्यांवर पुरुषाने हार्मोन आणि घबराट सांभाळावी का? माझं उत्तर 'हो' आहे

शिरोलीची शिफ्ट:
मंडळी, वय ३८. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. गेल्या वर्षी पावसाळा लागल्यापासून रात्री तीनच्या सुमाराला जाग यायची. छातीत धडधड, तळहाताला घाम, आणि कारण म्हणावं तर काहीच नाही. दिवसा चिडचिड. पोरानं पाण्याचा तांब्या सांडला तरी अंगावर ओरडायचो आणि मग स्वतःचाच राग यायचा. बायकोजवळ जायची इच्छाच उरली नव्हती. हे सांगायचं कुणाला? मित्रांत सांगितलं तर चेष्टा, घरात सांगितलं तर सगळ्यांच्या जिवाला घोर. राजारामपुरीत एका मानसोपचाराच्या दवाखान्याच्या जिन्यापर्यंत दोनदा जाऊन परत आलो. खालच्या दुकानात ओळखीचा माणूस बसतो.

शेवटी एका लॅबमध्ये टेस्टोस्टेरॉनची, म्हणजे पुरुषी हार्मोनची, तपासणी करून घेतली. आलं ३१२. वाचलं होतं की ३०० च्या खाली कमी धरतात, म्हणजे मी उंबऱ्यावर. डॉक्टर म्हणाले, नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका. तीन मिनिटांत बाहेर.

मग स्वतःच वाचून गणपतीच्या आसपास सुरू केलं. अश्वगंधाच्या अर्काची ३०० मिलिग्रॅमची कॅप्सूल सकाळ-संध्याकाळ, रात्री मॅग्नेशियम, ५० मिलिग्रॅम झिंक, आठवड्याला व्हिटॅमिन डीचं ६० हजार युनिटचं पाकीट. केसांसाठी बायोटिन आधीपासून चालूच होतं. तीन महिन्यांत झोप लागायला लागली, धडधड कमी झाली. परत तपासलं तर ४५५.

हे मनाचे खेळ नाहीत. अश्वगंधावर आपल्याकडे अभ्यास झालेत. २०१२ मध्ये ६४ ताणग्रस्त लोकांना ६० दिवस हाच डोस दिला, त्यांचा ताण आणि ताणाचं हार्मोन कॉर्टिसोल, दोन्ही उतरलं. २०१५ मध्ये व्यायाम करणाऱ्या ५७ पुरुषांवर झाला, त्यात टेस्टोस्टेरॉन वाढलेलं दिसलं. माझं म्हणणं एवढंच, की ज्याला जिना चढवत नाही त्याच्यासाठी ही पहिली पायरी आहे. ती कुणी काढून घेऊ नये.

काउंटरमागचा:
दादा, तुमचा त्रास मी एका शब्दानंही खोटा म्हणणार नाही. मेडिकलचं दुकान चालवून मला २१ वर्षं झाली. तुमच्यासारखा माणूस मी रोज बघतो. गाडी चालूच ठेवून येतो. काउंटरवर बाई उभी असेल तर बाजूला बाम नाहीतर टूथपेस्ट बघत राहतो. ती गेली की मोबाइलवरचा फोटो पुढं करतो, तोंडानं नाव घेत नाही. मी डबी कागदात गुंडाळून देतो आणि मला माहीत असतं, की हा माणूस आतून पोखरलाय आणि मी त्याला फक्त डबी दिली. म्हणून तुमच्या मताला माझा विरोध आहे, आणि मनापासून आहे.

आधी एक सांगा. पहिलं रक्त किती वाजता दिलं होतं?

शिरोलीची शिफ्ट:
पहिली शिफ्ट सुटल्यावर. पाच वाजले असतील. दुसरं सुट्टीच्या दिवशी सकाळी आठला, उपाशीपोटी.

काउंटरमागचा:
मग ३१२ आणि ४५५ ची तुलनाच होत नाही. टेस्टोस्टेरॉन सकाळी चढलेलं असतं, दुपारनंतर उतरतं. तुमच्या वयात तर हा फरक चांगलाच पडतो. म्हणून सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान, आणि तेही दोन वेगवेगळ्या दिवशी तपासायचं असतं. ती ३०० ची मर्यादा अमेरिकेतल्या मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेची आहे, ती तुम्ही वाचलीत. पण तीच संघटना दोनदा सकाळी तपासा असंही सांगते. कदाचित तुमचं काही घटलेलंच नव्हतं.

दुसरं बायोटिन. ही केसांची गोळी काही मशिनवर रक्ताचे आकडेच फिरवते. टेस्टोस्टेरॉन आहे त्यापेक्षा जास्त दिसू शकतं. थायरॉइडच्या तपासणीत टीएसएच कमी आणि टी-४ जास्त दिसू शकतं, म्हणजे थायरॉइड ठणठणीत असलेल्या माणसाला थायरॉइड वाढल्याचा रिपोर्ट. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध नियामकानं, २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला, कारण हार्ट अटॅकची ट्रोपोनिन तपासणीही त्यानं चुकते. लॅबमध्ये तुम्हाला विचारलं का, गोळ्या कुठल्या घेता म्हणून?

आणि सगळ्यात महत्त्वाचं. रात्री जाग, धडधड, घाम, चिडचिड हे थायरॉइड वाढल्याचंही लक्षण असू शकतं. अश्वगंधा काही लोकांत थायरॉइडचं हार्मोन वर नेतं. म्हणजे आधीच वाढलेलं असेल तर आगीत तेल. लिव्हरला सूज आल्याच्या नोंदीही आहेत, २०२० मध्ये आइसलँड आणि अमेरिकेतले रुग्ण मिळून प्रसिद्ध झाल्या. लाखांत क्वचित कुणाला होत असेल, पण डोळे पिवळे व्हायला लागले तर ते कशामुळे हे कळायला डॉक्टरांना ती डबी माहीत असायला हवी ना? झिंकचंही तसंच. पुरुषाची दिवसाची गरज आयसीएमआरच्या, म्हणजे आपल्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२० च्या तक्त्यात १७ मिलिग्रॅम आहे. ५० रोज घेत राहिलात तर अंगातलं तांबं घटतं, रक्त कमी होतं, पायाला मुंग्या येतात. डीचं पाकीट साधारण आठ आठवड्यांचं असतं. तुमचे किती झाले?

आजऱ्याचा:
काउंटरमागच्या काकांचं सगळं बरोबर असेल, पण ते शहरातून बोलतायत. आमच्याकडून कोल्हापूरला यायचं म्हणजे जाऊन-येऊन अख्खा दिवस आणि दिवसाची मजुरी. मानसोपचाराच्या डॉक्टरांनी मला दिलेली गोळी चांगली होती, खोटं बोलणार नाही. पण गुण यायला चार-सहा आठवडे लागतात हे मला दुसऱ्या खेपेला कळलं. आणि त्या गोळीनं घबराट गेली तशी बाकीची ताकदही गेली, संबंधच जमेना. हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. गोळी मनानंच बंद केली आणि चार दिवस डोक्यात झटके बसल्यासारखं झालं. आज मी अश्वगंधावर आहे, कामावर जातोय, रात्री झोपतोय. मला कुणी अडाणी म्हणू नये. शिरोलीच्या दादांना माझा पूर्ण पाठिंबा.

काउंटरमागचा:
अडाणी कोण म्हणतंय भावा? तुम्हाला सांगायला हवं होतं ते सांगितलं गेलं नाही, ही चूक तुमची नव्हे. पण त्या त्रासावर डोस बदलता येतो, दुसरी गोळी देता येते. परत सुरू करायची वेळ आली तर अश्वगंधाचं आधी सांगा. उदासीवर म्हणून विकतात त्या सेंट जॉन्स वर्ट वनस्पतीची किंवा ५-एचटीपीची डबी कुणी सुचवली तर डॉक्टरांच्या या गोळ्यांबरोबर अजिबात घेऊ नका, मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन जिवावर बेतेल इतकं वाढू शकतं. आणि दिवस मोडायचा नसेल तर १४४१६. टेलिमानस, मनाच्या त्रासासाठीची फोन हेल्पलाइन, सरकारी आहे, २०२२ पासून चालू आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात.

तालमीतला:
मी शिकलेला नाही, बघितलेलं सांगतो. आमच्या तालमीत पहाटे जोर-बैठका, मग थंडाई. बदाम घोटून घोटून हात भरून येतात. वस्तादांच्या खुराकात एवढंच. पण आता पोरं डबे आणतात. एक पोरगं, चांगलं चपळ, जिल्ह्यात नाव होईल असं. त्यानं कुणाकडून तरी पांढऱ्या डब्यातली पावडर आणि 'नैसर्गिक बूस्टर'च्या गोळ्या आणल्या. डब्यावर नीट लेबल नाही, लायसनचा नंबर नाही. दोन महिन्यांत खांदे असे फुगले की आम्हीच बघत राहिलो. मग पाठीवर फोड, सारखा संताप, आखाड्यात समोरच्याला चावायला निघाला. बंद केल्यावर पोरगं गळूनच गेलं. तासन् तास भिंतीला टेकून बसायचं. लग्न ठरलेलं होतं म्हणून घरच्यांनी तपासलं तर वीर्यात शुक्रजंतू जवळजवळ नाहीत.

डॉक्टरांनी समजावलं ते मला पटलं. बाहेरून हार्मोन आलं की मेंदूला वाटतं अंगात भरपूर आहे, मग तो वृषणाला हुकूम द्यायचं बंद करतो. बाहेरचं थांबलं तरी आतलं लगेच चालू होत नाही. पोरगं सावरायला वर्ष गेलं. आणि कुस्तीत उत्तेजकांसाठी लघवी तपासली तर 'डब्यात काय होतं मला माहीत नव्हतं' हे कारण चालत नाही. आमच्या आज्यानं शाहू महाराजांच्या खासबागेत दुधावर कुस्त्या मारल्या. मी नव्याला नावं ठेवत नाही, पण काय खातोय ते तरी कळायला पाहिजे का नको?

मूळव्याख्या:
मी वैद्य आहे. इथं अश्वगंधाची बाजू मी घेईन असं वाटत असेल. घेतोच. पण 'आपलंच आहे, अपाय नाही' या वाक्याला माझा सक्त विरोध आहे. आजी दुधात उकळून द्यायची ते मुळाचं चूर्ण होतं. डबीत असतो तो अर्क, कितीतरी पटींनी तीव्र. काही उत्पादनांत पानंही घालत होते, म्हणून आयुष मंत्रालयानं २०२१ मध्ये मूळच वापरा अशी सूचना काढली. अश्वगंधा उष्ण आहे. पित्तप्रकृतीच्या, आधीच छाती जळणाऱ्या माणसाला मी ते सहसा देत नाही. नाडी, जीभ, झोप, भूक, शौच काहीच न बघता औषध घ्यायचं हे आयुर्वेदात कुठेच बसत नाही. शिरोलीच्या दादांना वाटतं त्यांनी आयुर्वेद घेतला. वैद्य वगळून फक्त वनस्पती घेतली.

गंगावेशकर:
माझी गोष्ट दोन मिनिटांत. मलाही हेच: इच्छा नाही, उदास, छाती जरा भरल्यासारखी. शिलाजित, गोखरू, सफेद मुसळी सगळं झालं. वर्ष गेलं. मग एका हार्मोनच्या डॉक्टरांनी प्रोलॅक्टिन (बाळंतिणीला दूध आणणारं हार्मोन, पुरुषातही थोडं असतं) तपासलं, ते वाढलेलं. डोक्यात गाठ आहे का बघायला एमआरआय सांगणार होते, त्याआधी म्हणाले, घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा. त्यात माझी अ‍ॅसिडिटीची कॅप्सूल होती. तांबडा रस्सा सोडवत नाही म्हणून मी ती रोज उपाशीपोटी घ्यायचो, चिठ्ठीशिवाय मिळायची. तिच्यात लेव्होसल्पिराइड नावाचं औषध असतं आणि ते प्रोलॅक्टिन वाढवतं. प्रोलॅक्टिन वाढलं की टेस्टोस्टेरॉन दबतं. कॅप्सूल बंद केली, दोन महिन्यांत आकडा जागेवर आला. मी वर्षभर ज्या काउंटरवर औषध शोधत होतो, त्याच काउंटरवरून दुखणं आणत होतो. आपापल्या पट्टीमागची बारीक अक्षरं वाचा. उलटी-मळमळीवरचं डोम्पेरिडोनसुद्धा तेच करतं.

घरची बाजू:
इतक्या पुरुषांत एक बाई लिहितेय, चालेल ना? मला गाडीच्या डिकीत रेनकोटच्या घडीत गुंडाळलेल्या चार डब्या सापडल्या. आधी वाटलं ह्यांचं बाहेर काही आहे. दोन दिवस जेवले नाही. विचारलं तर रडायलाच लागले. लग्नाला चौदा वर्षं झाली, पहिल्यांदा रडताना बघितलं.

तुम्ही सगळे आकडे बोलताय. मला आकड्यातलं कळत नाही, पण ह्यांच्या घोरण्याचं मला माहीत आहे. घोरता घोरता मध्येच श्वास थांबायचा, मी मोजायचे, दहा-पंधरापर्यंत जायचं, मग दचकून उठायचे, छाती धडधडत. त्यांना वाटायचं घबराट. मी डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा रात्रभराची झोपेची तपासणी झाली, झोपेत श्वास अडकतो असं निघालं. वजन पण बरंच वाढलेलं. आता रात्री मशीन लावतात. हे त्यांना एकट्याला कधीच कळलं नसतं, झोपलेल्या माणसाला काय दिसणार? शिरोलीच्या भाऊजी, तुमच्या बायकोला विचारलंत का, रात्री तीनला तुमचं काय होतं ते?

शिरोलीची शिफ्ट:
ताई, नाही विचारलं. आज विचारलं. म्हणाली, घोरत नाही, पण दात खातोस आणि नाइट शिफ्टच्या आठवड्यात जास्त.

यावरून एक कबूल करायचं राहिलं ते लिहितो. दिवाळीपासून माझी नाइट बंद झाली. लाइन बदलली. झोप सुधारली ती त्याच सुमाराला. अश्वगंधानं किती आणि नाइट गेल्यानं किती, हे मला आता सांगता येत नाही.

काउंटरमागचा:
शिकागोत एक छोटा प्रयोग झाला होता, २०११ मध्ये छापून आला. दहा तरुण पोरांना आठवडाभर रात्री पाचच तास झोपू दिलं, तर दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्के उतरलं. तुम्ही किती वर्षं नाइट केलीत?

शिरोलीची शिफ्ट:
अकरा.

तरीही माझं मूळ म्हणणं मी सोडत नाही. त्या डबीनं मला काही नाही तर तीन महिने 'मी काहीतरी करतोय' हा धीर दिला. तो नसता तर मी आज इथं उघड लिहिलं नसतं. डबी वाईट म्हणून सगळ्यांनी तोंड फिरवलं, तर पुढचा माणूस ती आणखी खोल डिकीत लपवेल. पण रक्ताचं तुमचं पटलं. बायोटिन आणि झिंक आज बंद केलं. डीची पाकिटं सोळा झाली होती, ती पण बंद.

काउंटरमागचा:
बायोटिन बंद करून निदान तीन दिवस जाऊ देत. मग सकाळी आठला, उपाशीपोटी: टेस्टोस्टेरॉन, टीएसएच, प्रोलॅक्टिन, कॅल्शियम, साखर, आणि लिव्हरची तपासणी. लॅबवाल्याला सगळ्या डब्यांची नावं सांगा. अश्वगंधा चालू ठेवायचं का नाही ते रिपोर्ट बघणाऱ्याला ठरवू दे.

मूळव्याख्या:
माझ्या मते रिपोर्ट येईपर्यंत तेही थांबवा. थायरॉइडचं खरं चित्र दिसू द्या.

शिरोलीची शिफ्ट:
थांबवतो. रिपोर्ट घेऊन जिना चढायचाय, तेवढं एकट्यानं होईलसं वाटत नाही.

गंगावेशकर:
वार सांगा. मी खाली चहाच्या गाड्यावर थांबतो.