वायसर बदलला तरी नळ ठिबकतोच

निशिगंध: बाथरूमचा अर्ध्या इंची नळ घट्ट बंद करूनही ठिबकतो. पाणी बोअरचं. नवा वायसर टाकला, थोड्याच दिवसांत पुन्हा तेच. नळच बदलावा का?

तिरका_पाना: वायसर होता म्हणजे नळ जुन्या पद्धतीचा. दोष बहुतेक आतल्या सीटचा, म्हणजे वायसर जिथे टेकतो त्या कडेचा. टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून स्पिंडल (मुठीखालचा फिरणारा दांडा) काढा, आत बोट फिरवा. कड खरखरीत किंवा खाच पडलेली लागली तर नवा वायसर तिथेच कापला जातो. प्लंबरकडे सीट घासायचं हत्यार असतं, पण जड पितळी नळ असेल तरच तो खटाटोप. हलका असेल तर सरळ नवा घ्या. आणि जोर लावून आवळू नका हो, वायसर त्यानेही चिरतो!

चुनखडी: सीट गुळगुळीत असेल तर आधी क्षार बघा. पांढरा थर असल्यास धातूचे भाग अर्धा तास व्हिनेगरमध्ये ठेवून जुन्या टूथब्रशने घासा. ॲसिड नको, मुलामा जातो.

निशिगंध: खाच आहे, नळही हलकाच. नवाच आणतो.

तिरका_पाना: मग टेफ्लॉन टेप आट्यांवर घड्याळाच्या दिशेने गुंडाळा, 8-10 वेढे. उलटा गुंडाळला तर नळ बसवताना गोळा होऊन निघतो.