मुलांच्या पार्टीचं रिटर्न गिफ्ट: घरी केलेला खाऊ द्यावा की पाकीटबंद?

मैदाबाई (धागाकर्ती)

पार्टी संपवून निघताना मुलांच्या हातात ठेवायचा खाऊ घरीच केलेला असावा, असं माझं ठाम मत आहे. अर्थात घरचं म्हणून काहीही खपवू नये. खोलीच्या तापमानाला चार दिवस टिकणारा, पिशवीत आपटला तरी न मोडणारा आणि बोटांना न चिकटणारा पदार्थच द्यावा. माझ्या मते या कसोटीला रॉयल आयसिंग (वाळून टणक होणारा साखरेचा लेप) केलेलं कटआउट, म्हणजे साच्याने आकार कापलेलं, बिस्किट सर्वांत चांगलं उतरतं.

बिनमिठाचं बटर २२५ ग्रॅम, साखर २०० ग्रॅम, १ अंडं, मैदा ४०० ग्रॅम, मीठ अर्धा चमचा. बेकिंग पावडर नको, नाहीतर तारा कापायला जावं आणि ओव्हनमधून फूल बाहेर यावं. बटर आणि साखर एकजीव होण्यापुरतीच घोटा. फार फेटलं की हवा शिरते आणि बिस्किट भाजताना पसरतं. ६ मिमी जाड लाटा, आकार कापा, ट्रेसकट १५ मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा आणि थेट १७५ अंशांवर १० ते १२ मिनिटं भाजा. ७ सेंमीची २८ ते ३० बिस्किटं होतात.

आयसिंगला ४५० ग्रॅम आयसिंग शुगर, ३ मोठे चमचे मेरिंग पावडर (अंड्याच्या पांढऱ्याची सुकवलेली भुकटी) आणि ७५ ते ९० मिली पाणी. कच्चं अंड्याचं पांढरं वापरू नका. साल्मोनेला जंतूचा धोका असतो आणि खाणारी लहान मुलं आहेत. कडेच्या रेघेसाठी आयसिंग घट्ट ठेवा. आत भरायचं आयसिंग इतकं सैल हवं की सुरीने मारलेली रेघ साधारण १५ सेकंदांत मिटेल. त्याहून पातळ झालं की छोट्या जागांमध्ये वाळताना खड्डे पडतात. पंख्याखाली ठेवलं तर वरची साय लवकर धरते आणि चकाकी येते, पण आतपर्यंत वाळायला ८ ते १२ तास लागतातच. त्याआधी पाकिटात भरलं की नक्षी पाकिटालाच चिकटून येते.

लाल आणि काळा रंग आदल्या दिवशी हव्या त्या छटेपेक्षा किंचित फिका कालवून ठेवा. रात्रीत तो गडद होतो. भडक रंग यावा म्हणून ओतत राहिलं तर चव कडू होते आणि मुलांच्या जिभा रंगतात ते वेगळंच.

लेबलवाचक

सपशेल असहमत. तुमचं बिस्किट उत्तम होईल, त्याबद्दल शंका नाही. पण ते खाणाऱ्या मुलाला काय चालत नाही, हे तुम्हाला माहीत आहे का?

या एका पदार्थात गहू, दूध आणि अंडं, तीन मोठे ॲलर्जीकारक घटक आहेत. पाकीटबंद खाऊवर ते छापावेच लागतात. युरोपीय संघात असे १४ घटक आहेत, अमेरिकेत ९. तिथे तीळ २०२३ पासून यादीत आला. तुमच्या सेलोफेनच्या पिशवीवर फक्त रिबीन असते. घरच्या ओट्यावर शेंगदाण्याच्या बटरचा चमचा कुठे कुठे फिरला, हे कोण सांगणार? भाजल्याने शेंगदाण्याची ॲलर्जी टळत नाही. हाताला सॅनिटायझर चोळल्यानेही ती प्रथिनं जात नाहीत, त्याला साबण आणि पाणीच लागतं.

पार्टीत पालक समोर असतात, विचारता येतं. रिटर्न गिफ्ट मात्र गाडीत किंवा घरी, कोणी बघत नसताना उघडलं जातं. म्हणून टेबलावर घरचं ठेवा, हातात पाकीट द्या.

मैदाबाई

शेवटचा मुद्दा बिनतोड आहे. पण पाकिटावर तुमचा भरवसा जरा जास्तच आहे. घटकांची यादी सक्तीची असते. 'अमुक असू शकतं' ही सूचना मात्र अमेरिकेत आणि युरोपात ऐच्छिक आहे. ती छापलेली नाही म्हणजे त्या यंत्रावर शेंगदाणा फिरलाच नाही, असं नव्हे. आणि पिशवीवर चिठ्ठी लावायला मला कोण अडवतंय? घटक, केल्याची तारीख आणि 'याच ओट्यावर काजू-बदाम वापरले जातात' एवढी एक ओळ पुरते.

लेबलवाचक

चिठ्ठीत लिहिणार काय? 'चॉकलेट, स्प्रिंकल्स, रंग'? ते घटक नव्हेत, ती तयार उत्पादनं आहेत. त्यांच्या पाकिटावरची यादी जशीच्या तशी उतरवावी लागते. चॉकलेटात बहुधा सोया लेसिथिन असतं. चकाकणाऱ्या स्प्रिंकल्सवर बऱ्याचदा ई९०४ म्हणजे लाखेचा थर असतो. काही लाल-गुलाबी रंगांत ई१२० असतो, तो किड्यांपासून काढतात. मार्शमेलोत जिलेटिन असतं, म्हणजे शाकाहारी मुलाला ते चालत नाही. स्प्रिंकल्स सुटे करून बरणीत भरले आणि मूळ पाकीट फेकलं, की तुमची चिठ्ठी अंदाजपंचे झाली.

तापमापी

चिठ्ठीचा वाद चालू द्या, माझा आक्षेप पदार्थाच्या निवडीवर आहे. वीस मुलांसाठी वीस बिस्किटांवर तीन रंगांची नक्षी काढणं म्हणजे दोन संध्याकाळी गेल्या. त्यापेक्षा लॉलीपॉप करा. त्यात दूध, अंडं, गहू काहीच नाही, लेबलवाचकांची अर्धी यादी तिथेच संपते.

२०० ग्रॅम साखर, ८० ग्रॅम ग्लुकोज सिरप, ७० मिली पाणी. जाड बुडाचं भांडं आणि थर्मामीटर हवाच. उकळी येईपर्यंत ढवळा, नंतर चमचा बाजूला. उकळी आल्यावर ढवळलं किंवा कडेला साखरेचे कण राहिले की सगळा पाक दाणेदार होतो. म्हणून भांड्याच्या कडा ओल्या ब्रशने पुसून घ्या. पाक १४७-१४८ अंशांवर उतरवा, तो आपणहून दीडशेपर्यंत चढतो. १४० च्या आत थांबलात तर लॉलीपॉप दाताला चिकटेल, १६० पलीकडे गेलात तर रंग पिवळा पडेल.

बुडबुडे बसले की तेलातला स्वाद पाव चमचा आणि सायट्रिक आम्ल २ ग्रॅम घाला. आम्ल आधी घातलं तर साखर फुटते आणि तयार गोळी हवेतली ओल ओढत राहते. पाण्यातला इसेन्स तापलेल्या पाकात पडला की उसळतो आणि सुवासही वाफेबरोबर उडून जातो. साचे हाडासारखे कोरडे हवेत. १२ ग्रॅमचे वीस होतात. गार होताच गुंडाळून सील करा. दमट हवेत तासाभर उघडे राहिले तर वरून पाघळायला लागतात.

मुलांना मदतीला घ्यायचं असेल तर नंतर कागद गुंडाळायला बोलवा. हा पाक अंगावर पडला तर चिकटून भाजत राहतो.

फुगेवाली

लॉलीपॉप? बोलावलेल्या मुलांची वयं विचारलीत का? चार वर्षांखालच्या मुलांना टणक गोळी, पॉपकॉर्न, मार्शमेलो, अख्खी द्राक्षं आणि अख्खे दाणे देऊच नयेत, घशात अडकतात. शिवाय पार्टीत मुलं धावतात, आणि तोंडात काडी घेऊन धावणारं मूल पडलं तर काय, हे सांगायला नको. मोठ्यांच्या पार्टीत धाकटी भावंडंही येतात आणि त्यांच्याही हातात तीच पिशवी पडते. ॲलर्जीची यादी सांभाळताना हे कसं सुटलं?

तापमापी

सुटलं खरं. सहा वर्षांखालची मुलं असतील तर लॉलीपॉप बाद. मग चॉकलेटच्या चपट्या चकत्या करा, ३ ते ४ मिमी जाड. तोंडात विरघळतात, काडीचीही गरज नाही. वर अख्खे दाणे मात्र टोचू नका.

टेम्परिंगचा, म्हणजे चॉकलेट चकाकून घट्ट व्हावं म्हणून ठराविक तापमानांना वितळवून गार करण्याचा, बाऊ करू नका. ४०० ग्रॅम डार्क चॉकलेट चिरा. त्यातलं ३०० ग्रॅम ४५ ते ४८ अंशांपर्यंत वितळवा, मग उरलेलं १०० ग्रॅम थोडं थोडं घालून ढवळत ३१-३२ वर आणा. मिल्क चॉकलेट असेल तर २९-३०. सुरीचं टोक बुडवून ठेवा. २० अंशांच्या खोलीत पाचेक मिनिटांत चकाकी घेऊन घट्ट झालं तर जमलं. ओघळ किंवा पांढरट रेषा दिसल्या तर थोडं अजून चिरलेलं चॉकलेट घालून ढवळा. खोली २५ अंशांपेक्षा गरम असेल तर हा उद्योग पहाटे करा, किंवा करूच नका.

पाण्याचा एक थेंबही नको. साखर आणि कोको तो थेंब धरतात आणि क्षणात सगळ्याचा गोळा होतो.

मैदाबाई

गरम हवेत खरं चॉकलेट पिशवीत घालून पाठवणं म्हणजे पालकांच्या गाडीच्या सीटवर सूड उगवणं. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं. त्यापेक्षा कम्पाउंड चॉकलेट बरं. त्यात कोको बटरऐवजी बहुधा पाम कर्नलचं तेल असतं, टेम्परिंग लागत नाही.

तापमापी

आणि चव मेणासारखी. पण तुमची अडचण कळते. निदान दोन्ही एकत्र वितळवू नका. 'चवीला थोडं खरं चॉकलेट' घालायचा मोह होतो, पण ही दोन स्निग्धं एकमेकांत नीट बसत नाहीत. चकती मऊ राहते आणि थोड्याच दिवसांत पांढरी पडते. कम्पाउंड घट्ट झालं तर चमचाभर खोबरेल तेल घाला, दूध नको.

कमीगोड

बिस्किट, लॉलीपॉप, चॉकलेट. जरा आकडे मांडू. मैदाबाईंच्या कृतीत बिस्किटात २०० आणि आयसिंगमध्ये ४५० ग्रॅम साखर आहे. भागिले २९, म्हणजे एका बिस्किटात साधारण २२ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार वरून घातलेली साखर दिवसाच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत असावी, जमल्यास ५ टक्क्यांच्या. १६०० उष्मांक घेणाऱ्या मुलासाठी ते झाले ४० आणि २० ग्रॅम. एका बिस्किटाने खालची मर्यादा ओलांडली, आणि केक त्याआधीच पोटात गेलाय.

चीजची खारी बिस्किटं द्या. १५० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम थंड बटर, १२० ग्रॅम किसलेलं कडक चीज, दोन चमचे गार पाणी. ४ मिमी लाटून १८० अंशांवर १२ ते १४ मिनिटं. वेगळं मीठ नको, चीजमध्ये पुरेसं असतं. पूर्ण गार झाल्याशिवाय डबा बंद केला की वाफ कोंडते आणि संध्याकाळपर्यंत वातड होतात. आणि कृपया 'शुगर-फ्री' गोळ्यांकडे वळू नका. त्यांतले माल्टिटॉल, सॉर्बिटॉल हे साखरेचे पर्याय मुलांची पोटं बिघडवतात.

फुगेवाली

खारं बिस्किट बघून मुलांचे चेहरे कसे पडतील ते बघायला मी नक्की येईन. गणित मान्य, उपाय नाही. बिस्किट ५ सेंमीचं करा, आयसिंगची नुसती कड काढा, मध्ये एकच ठिपका. साखर निम्म्याहून खाली येते.

माझं तर म्हणणं, खाऊ तयार करून देऊच नका. कोरी बिस्किटं करा आणि नक्षी पार्टीतच मुलांना काढू द्या. तोच खेळ आणि तेच रिटर्न गिफ्ट. घटकांचे डबे समोर मांडलेले, पालक वाचून घेतील. धाग्यावरचं निम्मं भांडण मिटतं.

मैदाबाई

आणि रॉयल आयसिंग वाळायचे ८ तास कोण थांबणार? घरी पोचेपर्यंत चिखल होईल.

फुगेवाली

त्यासाठी रॉयल आयसिंग नकोच. १२५ ग्रॅम बटरला २५० ग्रॅम आयसिंग शुगर, म्हणजे साखर दुप्पट. या प्रमाणात बटरक्रीमवर अर्ध्या-पाऊण तासात पातळ साय धरते. अगदी टणक होत नाही, पण हलकं बोट लावलं तर लागत नाही. पार्टीच्या सुरुवातीलाच नक्षी उरका, केक नंतर. प्रत्येक मुलाला ४० ग्रॅमची एक पिशवी, टोक ३ मिमी कापलेलं, वरचं तोंड रबरबँडने घट्ट. नाहीतर दाबल्यावर क्रीम उलटं बाहीवर येतं. नोझल देऊ नका, हरवतात आणि अडकतात. रंग दोनच ठेवा. तिसरा आला की सगळं तपकिरी.

लेबलवाचक

हे पटण्यासारखं आहे. फक्त क्रीम चीजचं आयसिंग आणू नका. ते खोलीत दोन तासांपलीकडे ठेवू नये, आणि पार्टी कधी वेळेवर सुरू होत नाही. सजावटीच्या डब्यांत चमकी असेल तर डबा उलटून वाचा. 'नॉन-टॉक्सिक' म्हणजे 'खाद्य' नव्हे. तो शब्द क्राफ्टच्या चमकीवरही असतो. खाण्याच्या चमकीवर घटकांची यादी असते. यादी नसेल तर ती बिस्किटावर जाता कामा नये.

रिटर्न गिफ्टबद्दल माझं मत तेच आहे. ज्यांचे पालक नुसतेच सोडून गेलेत, त्या मुलांचं बिस्किट पिशवीत घालण्याआधी फोन करा.

तापमापी

आणि पिशवी नकोच, चपटा खोका घ्या, आतून किमान ३ सेंमी उंच. मुलं क्रीमचा डोंगर करतात, झाकण त्याला टेकलं की सगळं झाकणावर. खाली बेकिंग पेपरचा तुकडा घालून त्यावर क्रीमचाच एक ठिपका लावा आणि बिस्किट त्यावर दाबून बसवा, म्हणजे गाडीत घसरणार नाही. नाव खोक्याच्या बुडाला लिहा, झाकणाला नको. झाकणं अदलाबदल होतात आणि मग ॲलर्जी असलेल्या मुलाकडे दुसऱ्याचाच खोका जातो.