हात थरथरतो त्यांनाही लिहू द्या

वृद्धाश्रमातल्या आजी-आजोबांकडून पत्रं लिहून घेताना हात थरथरणाऱ्यांना पेन देऊ नये, त्यांचा हिरमोड होतो, मजकूर दुसऱ्याने उतरवून घ्यावा, असं काही जण म्हणतात. ते मला अर्धंच पटलं. ज्यांना खरंच धरवत नाही त्यांच्यासाठी ठीक. पण कंप सगळा एका जातीचा नसतो. पार्किन्सनमध्ये, म्हणजे हालचाली मंदावणाऱ्या मेंदूच्या आजारात, अक्षर बारीक होत जातं, ओळ संपेपर्यंत मुंगीएवढं. इसेन्शियल ट्रेमरमध्ये, म्हणजे हात वापरताना होणाऱ्या कंपात, उलट मोठं नि वाकडंतिकडं येतं. बारीक होणाऱ्यांना ठळक, रुंद ओळींचा कागद दिला आणि मधूनमधून ‘मोठं काढा’ म्हटलं, की बऱ्याच जणांचं अक्षर तिथल्या तिथे सुधारतं. आणि कुणाचं अक्षर अलीकडेच असं आक्रसू लागलं असेल, तर न्यूरॉलॉजिस्टला जरूर दाखवा.

इथे इंदूरला वृद्धाश्रमात जाताना आम्ही आता पोस्टकार्डं नेत नाही. ५० पैशांत मिळतात खरी, पण जागा अपुरी आणि मजकूर उघडा. घरचं काही लिहायचं तर आजी अडखळतात. अंतर्देशीय पत्र २.५० रुपयांचं, चिकटवून बंद करता येतं. त्यावर पट्टीने पेन्सिलच्या रुंद ओळी आधीच आखून ठेवतो. मुख्य म्हणजे पत्र टाकल्यावर ज्यांना लिहिलंय त्यांना फोन करून सांगतो, की उत्तर कागदावरच पाठवा, चार ओळी का होईना. एका काकूंच्या पत्राला उत्तरच आलं नाही, त्यानंतर त्या लिहायला बसायलाच तयार होईनात.